शितावरून मोटारीची परीक्षा

आपल्याकडच्या पुष्कळ घरांतला एखादा मुलगा, मुलगी, निदान पुतण्या-भाचा तरी आज अमेरिकेत असतो. तो तिकडे रुळला न रुळला, तोच घरी फोन येतो आणि त्यात एक प्रश्न ठरलेला असतो : "गाडी घ्यायची आहे. कोणती घेऊ?" न्यूयॉर्कसारखी चार-दोन शहरे सोडली, तर त्या देशात मोटारीवाचून साधे दूधही आणता येत नाही. नोकरी नवी, पैसे बेताचे, म्हणून गाडी बहुधा जुनी घ्यायची. आणि जुनी घ्यायची म्हटल्यावर पुढचा प्रश्न आलाच : ती भरवशाची निघेल का?

या प्रश्नाला उत्तर देणाऱ्यांची मात्र कुठेच वाण नसते. अमेरिकेत फोर्डवाली घराणी आहेत आणि शेव्हरोलेवाली घराणी आहेत. आपल्याकडे कुलदैवत असावे, तसा तिथे मोटारीचा मार्का आजोबांकडून नातवाकडे येतो. फोर्डवाल्याला शेव्हरोलेत खोट दिसते, शेव्हरोलेवाल्याला फोर्डमध्ये, आणि दोघे मिळून क्रायसलरला नावे ठेवतात!

आपणही यातून सुटलेलो नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली, ती १९५४ पर्यंत चालली. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायसलरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ, डिसोटो अशी नावे रस्त्यावर आली. त्या गाड्यांचे दणकट पत्रे पाहिलेल्या पिढीने "अमेरिकन गाडी म्हणजे लोखंड!" हे वाक्य पुढच्या पिढीला दिले. त्यांतल्या डिसोटोचे उत्पादन १९६० सालीच बंद झाले. प्लिमथ २००१ साली गेली. वाक्य तेवढे उरले.

माझी सारी नोकरी एस. टी.च्या कार्यशाळेत, इंजिने उघडण्यात आणि मिटवण्यात गेली. त्यामुळे घरातले मोटारीविषयीचे प्रश्न माझ्याकडे येतात. त्यांतला एक प्रश्न मात्र फोनवरून सुटण्यासारखा नव्हता. आणि तो सोडवताना या साऱ्या मार्क्यांच्या भांडणाचा बराच उलगडा झाला. तोच आज सांगायचा आहे.

रात्री अकराची गोष्ट

२०१३च्या नोव्हेंबरात मी मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळ, माझ्या पुतण्याकडे काही महिन्यांसाठी गेलो होतो. पुतण्या एका कारखान्यात नोकरीला, त्याची बायको एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. तिची पाळी दुपारी सुरू होई आणि रात्री अकराला संपे. तिच्यासाठी त्यांनी वर्षभरापूर्वी एक जुनी अमेरिकन गाडी घेतली होती.

जानेवारी २०१४ चा पहिला पंधरवडा अमेरिकेतल्या लोकांच्या अजून लक्षात असेल. उत्तर ध्रुवाकडची थंड हवा खाली उतरली आणि डेट्रॉइटचा पारा उणे वीस सेल्सियसच्याही खाली गेला. नेमक्या त्याच आठवड्यात, घरापासून पंधरा मैलांवर, हमरस्त्यावर सूनबाईंच्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. इंजिन चालू, चाके मात्र फिरायला तयार नाहीत. पेट्रोल बेताचे, म्हणून हीटर किती वेळ चालवावा याचाही विचार. ओढून नेणारी गाडी यायला दीड तास लागला. घरी आली तेव्हा पोरीच्या हातांची बोटे वळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने हिशेब सांगितला : दुरुस्तीला चार हजार डॉलर. गाडीची बाजारात किंमत जेमतेम तेवढीच!

त्या गाडीचे नाव मी सांगणार नाही, आणि त्याला कारण आहे. पुतण्या रागाने म्हणाला, "काका, या कंपनीच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही." शेजारचे एक निवृत्त गृहस्थ त्याला म्हणाले, "अहो, माझ्याकडे तीच गाडी बारा वर्षे आहे, स्क्रूसुद्धा हलला नाही." दोघेही खरेच बोलत होते! शितावरून भाताची परीक्षा करावी म्हणतात. पण सारी शिते एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात, म्हणून ती म्हण भाताला लागू पडते. मोटारी तशा नसतात. एक गाडी बिघडली किंवा चालली, यावरून लाख गाड्यांविषयी काहीच सिद्ध होत नाही.

सूनबाई शांतपणे म्हणाली, "काका, मला कंपनीशी भांडायचं नाही. रात्री अकराला किल्ली फिरवली की ती सुरू झाली पाहिजे आणि मला घरी आणून सोडलं पाहिजे. एवढंच बघा."

भरवशाची याहून चांगली व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. मी कामाला लागलो.

मोजणारे काय मोजतात?

अमेरिकेत हजारो गाड्यांची शिते एकत्र करून पाहणाऱ्या दोन संस्था विशेष प्रसिद्ध आहेत. एक 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'. १९३६ साली स्थापन झालेली ही ग्राहकांची संस्था कुणाची जाहिरात घेत नाही, तपासायची गाडीही दुकानातून सामान्य गिऱ्हाइकासारखी विकत घेते. आपल्या सभासदांना ती दर वर्षी विचारते : गेल्या बारा महिन्यांत तुमच्या गाडीचे काय काय बिघडले? इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, वीज असे वीसेक विभाग पाडून ती उत्तरे मांडते आणि इंजिन-गिअरबॉक्ससारख्या मोठ्या बिघाडांना जास्त वजन देते.

दुसरी 'जे. डी. पॉवर'. एका गृहस्थाने १९६८ साली आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू केलेला हा धंदा आज जगभर पोचला आहे. तीन वर्षे गाडी वापरलेल्या मूळ मालकांना ही संस्था तक्रारी विचारते आणि शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या, तो आकडा छापते. आकडा जितका लहान, तितकी गाडी बरी.

आता गंमत पाहा. या दुसऱ्या मोजणीत गिअरबॉक्स तुटला तर ती एक तक्रार. आणि मालकाचा फोन गाडीच्या पडद्याशी जोडला गेला नाही, तर तीही एकच तक्रार! अलीकडच्या वर्षांत तर तक्रारींचा सर्वांत मोठा वाटा या पडद्यांचा आणि फोनांचाच असतो. ज्याला गाडीत गाणी ऐकायची आहेत, त्याला ती माहिती मोलाची आहे. उणे वीस अंशांत घरी पोचायचे आहे, त्याने आकड्याच्या आत डोकावले पाहिजे.

तिसरी एक गोष्ट लोक यात मिसळतात, ती म्हणजे 'रिकॉल'. गाडीत सुरक्षिततेचा दोष आढळला, की कंपनीने त्या गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करायच्या, असा तिथे कायदा आहे. २०२५ या एका वर्षात फोर्डने शंभराहून अधिक रिकॉल काढले. इतके त्याआधी कोणत्याही कंपनीने एका वर्षात काढले नव्हते. यावरून फोर्ड सर्वांत वाईट म्हणावी का? तसे म्हणता येत नाही. पुष्कळ रिकॉल नुसती संगणकाची आज्ञावली बदलून मिटतात. उलट, रिकॉल न काढणे किती महाग पडते, ते मी मिशिगनमध्ये असतानाच वर्तमानपत्रांत रोज वाचत होतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये जनरल मोटर्सने शेव्हरोले कोबाल्ट वगैरे गाड्या परत बोलवायला सुरुवात केली. आकडा पुढे २६ लाखांवर गेला. किल्लीच्या खटक्याची स्प्रिंग सैल होती. जड जुडगा लोंबकळला, की चालत्या गाडीत किल्ली फिरून इंजिन बंद पडे आणि धडक बसल्यावर हवेच्या पिशव्याही फुगत नसत. कंपनीतल्या माणसांना हे दहा वर्षांपासून ठाऊक होते. मध्यंतरी तो भाग गुपचूप सुधारलाही होता, पण त्याचा क्रमांक बदलला नव्हता, त्यामुळे जुना कोणता आणि नवा कोणता हे कुणालाच कळेना! भरपाईसाठी नेमलेल्या निधीने अखेर १२४ मृत्यू मान्य केले.

क्रमांकाचे ते वाचून मी चरकलो. आमच्या भांडारात सुधारलेल्या भागाला जुनाच क्रमांक देणाऱ्याची धडगत नसती.

एक गाडी, दोन नावे

मार्क्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची गोष्ट जरूर ऐकावी. तिथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. कामगारांची गैरहजेरी, भांडणे, खराब माल, सारे इतके विकोपाला गेले, की १९८२ साली कंपनीने त्याला टाळे ठोकले. १९८४ साली टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना 'न्युमी' या नावाने पुन्हा उघडला. कामगार बहुतेक जुनेच. फरक एवढाच, की आता दोष दिसताच दोरी ओढून सारी साखळी थांबवण्याचा अधिकार साध्या कामगारालाही मिळाला. आधी गाडी पुढे ढकलायची आणि खोट मागाहून निस्तरायची, ही पद्धत बंद झाली. थोड्याच काळात त्याच हातांतून अमेरिकेतल्या उत्तम गाड्यांपैकी काही बाहेर पडू लागल्या.

त्यांतल्या एका गाडीवर 'शेव्हरोले नोव्हा' असे नाव लावत आणि तिच्या जुळ्या बहिणीवर 'टोयोटा कोरोला'. आतले यंत्र तेच, बांधणारे हात तेच. पण जुन्या बाजारात कोरोलाला भाव जास्त! म्हणजे ज्याने नावाकडे न पाहता आत पाहिले, त्याला तीच गाडी स्वस्तात मिळाली. पुढे प्रिझम आणि पाँटिअ‍ॅक व्हाइब या गाड्यांच्या बाबतीतही हेच झाले. (जनरल मोटर्स २००९ साली त्या भागीदारीतून बाहेर पडली, २०१० साली कारखाना बंद झाला आणि टेस्लाने तो विकत घेतला.)

आजचे चित्रही असेच गमतीचे आहे. कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या २०२४ अखेरच्या यादीत अमेरिकन मार्क्यांत पहिली आली ब्युइक. जे. डी. पॉवरच्या २०२५च्या पाहणीत शंभर गाड्यांमागे सरासरी तक्रारी होत्या २०२. लेक्ससच्या १४०, आणि तिच्या पाठोपाठ ब्युइकच्या १४३. अमेरिकन गाडीने जपान्यांच्या मांडीला मांडी लावली, म्हणून डेट्रॉइटने खुशाल पेढे वाटावेत. पण या वर्षांत विकल्या गेलेल्या चार ब्युइकांपैकी दोन दक्षिण कोरियात बनत होत्या, एक चीनमध्ये, आणि एकच मिशिगनमध्ये. उलट 'जपानी' टोयोटा कॅम्री १९८८ पासून केंटकी राज्यात अमेरिकन कामगार बांधत आले आहेत. आता अमेरिकन गाडी कोणती म्हणायची?

इंजिनाचे गोत्र विचारा

मग पाहायचे तरी काय? मी पुतण्याला सांगितले, "मार्का विसर. इंजिन कोणते, गिअरबॉक्स कोणता आणि साल कोणते, ही तीन उत्तरे आण." कारण एकाच कंपनीच्या घरात साधू आणि चोर दोघेही जन्माला येतात.

क्रायसलरचेच पाहा. १९६० साली तिने तीस अंशांत कलता बसवलेले सहा सिलिंडरांचे इंजिन आणले. 'स्लँट सिक्स' या नावाने ते ओळखले जाई, आणि तेल-पाणी पाहणाऱ्या मालकाला ते सहसा दगा देत नसे. १९७६ साली तेच इंजिन डॉज अ‍ॅस्पेन आणि प्लिमथ व्होलारे या नव्या गाड्यांत बसले. गाड्यांचे पुढचे पत्रे दोन-तीन वर्षांत गंजून त्यांची चाळण झाली आणि कंपनीला ते फुकट बदलून द्यावे लागले. इंजिन चिरंजीव आणि अंगरखा फाटका!

शेव्हरोलेचे आठ सिलिंडरांचे छोटे इंजिन १९५५ साली आले आणि त्याने दोन पिढ्या पोसल्या. त्याच शेव्हरोलेने १९७१ साली व्हेगा नावाची छोटी गाडी आणली. मासिकांनी तिला वर्षाची गाडी म्हणून गौरवले. पण तिच्या अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनात लोखंडी अस्तर नव्हते. ते तापे, तेल पिई, आणि बाहेरून गंज चढे. ओल्ड्समोबिलने १९७८ साली डिझेल मोटार काढली. डिझेल इंजिनात दाब कितीतरी जास्त, पण हेडचे बोल्ट मात्र पेट्रोल इंजिनाच्याच हिशेबाचे, आणि इंधनातले पाणी वेगळे काढायची सोयही नाही. बोल्ट ताणले जात, गॅस्केट फुटे. अमेरिकेतले मध्यमवर्गीय गिऱ्हाईक डिझेल मोटारीला बिचकू लागले, त्याला हा अनुभवही कारण झाला.

अगदी अलीकडचे उदाहरण फोर्डच्या फोकस गाडीचे. २०१२ ते २०१६च्या फोकसमध्ये दोन क्लचांचा, आपोआप गिअर बदलणारा नवा गिअरबॉक्स बसवला होता. गाडी थरथरे, अडखळे, दुरुस्त करून आणली तरी पुन्हा तेच. प्रकरण कोर्टात गेले आणि कंपनीला मालकांशी तडजोड करावी लागली. पण त्याच फोकसमध्ये ज्यांनी हाताने गिअर बदलायचा साधा गिअरबॉक्स घेतला, त्यांना हा त्रास झालाच नाही. मार्का एक, गाडी एक, साल एक. फक्त एक दांडा वेगळा!

ट्रकांची कथा

अमेरिकेत 'ट्रक' म्हणजे मागे उघडा हौदा असलेली पिकअपसुद्धा. फोर्डची एफ-मालिका १९७७ पासून तिथे सर्वांत जास्त खपणारा ट्रक म्हणून मिरवते आहे. तिच्यात १९६५ ते १९९६ पर्यंत मिळणारे ३०० घनइंचांचे सहा सिलिंडरांचे इंजिन ओझेवाल्यांचे लाडके होते. त्यात टायमिंगला साखळी नव्हती, सरळ दात्याला दाता. आणि क्रँकला सात बेअरिंगे. ताकद बेताची, पण मोडण्यासारखे काही ठेवलेलेच नाही. त्याच फोर्डच्या मोठ्या ट्रकांत २००३ ते २००७ या काळात सहा लिटरचे डिझेल इंजिन आले. ते नेव्हिस्टार कंपनीने बनवलेले. त्याचे कूलर आणि हेड गॅस्केट इतके बिघडले, की फोर्ड आणि नेव्हिस्टार एकमेकींविरुद्ध कोर्टात उभ्या राहिल्या.

डॉजने शहाणपणा असा केला, की १९८९ साली आपल्या ट्रकात कमिन्स कंपनीचे ५.९ लिटरचे डिझेल बसवले. हे नाव पुणेकरांच्या घरातले. १९६२ साली किर्लोस्करांच्या भागीदारीत कमिन्सचा कारखाना कोथरूडला उभा राहिला. मुळात कष्टाच्या कामासाठी आखलेले हे इंजिन ट्रकात बसले आणि लाखो मैल चालले. पण त्याच्या ताकदीला जोडीचा गिअरबॉक्स मात्र पुरा पडत नसे. म्हणून तिथले जाणते लोक म्हणत, इंजिन घ्या, भोवतालचा ट्रक पदरात पडेल तसा.

जनरल मोटर्सचे शेव्हरोले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा हे ट्रक म्हणजे सख्खी जुळी भावंडे, तरी तक्त्यांत त्यांचे गुण पुष्कळदा वेगळे पडतात. मालकांच्या अपेक्षा वेगळ्या, वापर वेगळा, म्हणून तक्रारीही वेगळ्या. २०२५च्या एप्रिलमध्ये या दोन्ही ट्रकांतल्या २०२१ ते २०२४च्या ६.२ लिटर इंजिनांत क्रँक आणि कनेक्टिंग रॉडचे दोष सापडले आणि अमेरिकेतल्या सुमारे सहा लाख गाड्यांचा रिकॉल निघाला. त्याच ट्रकात दुसरे इंजिन घेतलेल्यांना या रिकॉलचे पत्र आले नाही.

असे का होते? कारण सरळ आहे. जुन्या यंत्राच्या खोडी वर्षानुवर्षे कळून दुरुस्त झालेल्या असतात. नव्याच्या कळायच्या असतात. पेट्रोल वाचवण्यासाठी आता काही सिलिंडर चालता चालता बंद ठेवतात, गिअर आठ-दहा करतात, टर्बो बसवतात. यातून मैल वाढतात, तसेच हलणारे भागही वाढतात. म्हणून नव्या घडणीच्या गाडीचे पहिले वर्ष दुसऱ्याला वापरू द्यावे, हा तिथल्या मेकॅनिकांचा जुना सल्ला अजून खरा ठरतो. टेस्ला सुरुवातीच्या काळात तक्त्यात खाली असे, ती हळूहळू वर आली. रिव्हियन ही नवी कंपनी २०२४ अखेरच्या यादीत तळाला होती. क्रायसलर आणि जीप गेली काही वर्षे मागच्या बाकांवर आहेत. पण हे बाक कायमचे नसतात.

एवढे मात्र मान्य केले पाहिजे, की सारेच मिळून पुष्कळ पुढे आले आहेत. एके काळी अमेरिकन गाडीच्या मैलाच्या घड्याळात पाचच आकडे असत. लाख मैल भरले की ते पुन्हा शून्यावर येई. त्याहून जास्त मोजायची गरजच कारखानदाराला वाटत नव्हती! २०२५ साली अमेरिकेतल्या रस्त्यांवरच्या गाड्यांचे सरासरी वय १२.८ वर्षे होते.

पावत्यांची फाइल

आता आमच्या शोधाचे काय झाले, ते सांगतो. आम्ही दहा-बारा वर्षांपूर्वीच्या गाड्यांचे तक्ते समोर घेतले आणि जनरल मोटर्सच्या '३८००' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहा सिलिंडरांच्या इंजिनावर येऊन थांबलो. त्याचे मूळ १९६० नंतरच्या ब्युइकमध्ये. पुढे चार दशके घासूनपुसून ते इतके पक्के झाले, की त्याच्या खोडी साऱ्या गॅरेजवाल्यांना तोंडपाठ होत्या. पाण्याच्या वाटेवर प्लास्टिकची दोन कोपरे होती. ती काळाने ठिसूळ होत. किंमत चार-दोन डॉलर. वेळेवर बदलली तर काही नाही, न बदलली तर इंजिन तापणार.

हे इंजिन असलेली २००३ सालची ब्युइक ली-सेबर पलीकडच्या गल्लीतल्या एका आजींकडे होती. आजोबा वारले होते. तरुण मंडळी ज्या गाडीला म्हाताऱ्यांची गाडी म्हणून हसतात, तीच ही. अकरा वर्षांत चालली होती अवघी अठ्ठावन्न हजार मैल. आजींनी एक फाइल आणून माझ्या हातात ठेवली. तेल कधी बदलले, गिअरबॉक्सचे तेल कधी, टायर कधी, आणि ती प्लास्टिकची कोपरे बदलल्याचीही पावती! प्रत्येकीवर आजोबांच्या अक्षरात मैल लिहिलेले.

मी गाडीखाली जाऊन पाहिले. डेट्रॉइटच्या पोटात मिठाची मोठी खाण आहे आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पसरतात. त्याने गाड्यांची तळे खाल्ली जातात. हिचे तळ स्वच्छ होते. आजोबा दर आठवड्याला खालून धुवून घेत असत म्हणे. आजींनी सांगितलेल्या पैशांत आम्ही घासाघीस केली नाही.

आमच्या कार्यशाळेत एक अनुभव नेहमीचा होता. एकाच कारखान्यातून, एकाच महिन्यात निघालेल्या दोन बसगाड्या दोन आगारांत जात. पाच वर्षांनी त्या आमच्याकडे दुरुस्तीला आल्या, की एक तरणीताठी असे आणि दुसरी खिळखिळी. गाडी कोणत्या कंपनीची, हे विचारण्याआधी आम्ही ती कोणत्या आगाराची, हे विचारत असू. मिशिगनमधल्या त्या आजींचे घर हे चांगले आगार होते.

सूनबाईंनी ती गाडी सहा हिवाळे चालवली. रात्री अकराला किल्ली फिरवावी आणि ती सुरू व्हावी, एवढेच तिच्याकडून मागितले होते आणि तेवढे तिने दिले. पण यावरून "ब्युइकच घ्या" असे मी कुणाला सांगणार नाही. कारण तीही अखेर एकच शीत!

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी परदेशातून तो फोन आला, तर मुलांना चार गोष्टी सांगा. कंपनीचे नाव नव्हे, इंजिन, गिअरबॉक्स आणि साल विचारा. तक्ता पाहा, पण तक्रार फोनाची आहे की गिअरबॉक्सची, तेही पाहा. गाडीच्या अंगावरचा सतरा अक्षरांचा क्रमांक सरकारी संकेतस्थळावर घालून एखादा रिकॉल करायचा राहिला आहे का, ते फुकट कळते, ते तपासा. शंभर-दीडशे डॉलर देऊन एखाद्या परक्या मेकॅनिककडून गाडी खालून-वरून तपासून घ्या. आणि विकणाऱ्याने पावत्यांची फाइल काढून पुढे ठेवली, तर गाडी कोणत्या मार्क्याची आहे हे थोडा वेळ विसरून आधी ती फाइल वाचा.